सेटला उत्तर आलं म्हणजे कॉन्फिग पोचलं असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यात दोनेकशे सिस्को कॅटॅलिस्ट स्विच आहेत. रोज रात्री एक स्क्रिप्ट प्रत्येक स्विचला एसएनएमपी (नेटवर्कची उपकरणं सांभाळायचा प्रोटोकॉल) सेट, म्हणजे ‘अमुक किंमत लिही’ असा हुकूम, पाठवते आणि स्विच आपलं रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेली मांडणी) टीएफटीपी (फाईल पाठवायचा साधा प्रोटोकॉल) सर्व्हरवर टाकतो. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये सगळीकडे ‘ओके’. परवा एक स्विच जळाला, त्याचा बॅकअप उघडला तर फाईल शून्य बाइटची. शोधल्यावर अशा अकरा फायली निघाल्या. ट्रान्सफर खरंच पूर्ण झाली का हे एसएनएमपीवरून कसं ओळखायचं? आणि आपल्याशिवाय दुसरं कोणी याच वाटेनं कॉन्फिग पळवत असेल तर ते कसं कळणार?

तुमची स्क्रिप्ट खोटं बोलत नाहीये. तिला जेवढं सांगितलं गेलं तेवढंच ती लिहिते. पोस्टाच्या खिडकीवर रजिस्टर दिलं की पावती मिळते, पण ती पावती म्हणजे पोच नव्हे. पोच नंतर, वेगळी येते आणि तिची वाट बघावी लागते. सेटला ‘नो एरर’ येतं ती खिडकीवरची पावती. स्विचनं एवढंच म्हटलंय की मागणी नीट भरलेली आहे, घेतली. फाईल अजून निघालेलीसुद्धा नसते.

स्विचच्या आत काय घडतं ते आधी बघू. सिस्कोच्या कॉन्फिग-कॉपी एमआयबीत (एसएनएमपीनं वाचता-लिहिता येणाऱ्या गोष्टींच्या यादीत), म्हणजे १.३.६.१.४.१.९.९.९६ या झाडाखाली, एक टेबल आहे. त्यातल्या ओळींचा पत्ता ९६ च्या पुढे .१.१.१.१, मग कॉलमचा नंबर आणि शेवटी तुम्ही दिलेला इंडेक्स. एक ओळ म्हणजे कॉपीची एक मागणी. दुसऱ्या कॉलमात प्रोटोकॉल: टीएफटीपी १, एफटीपी २, आरसीपी ३, एससीपी ४, एसएफटीपी ५. तिसऱ्यात कुठून, चौथ्यात कुठे: नेटवर्कवरची फाईल १, स्टार्टअप (स्विच चालू होताना वापरतो ते साठवलेलं कॉन्फिग) ३, रनिंग ४. पाचव्यात सर्व्हरचा आयपी, सहाव्यात फाईलचं नाव, चौदाव्यात ओळीची स्थिती. रनिंग कॉन्फिग सर्व्हरवर पाठवायचं तर दुसऱ्यात १, तिसऱ्यात ४, चौथ्यात १, मग पत्ता नि नाव, आणि चौदाव्यात ४, म्हणजे ‘तयार कर आणि लगेच चालू कर’. पाचवा कॉलम फक्त आयपीव्ही४ पुरता असल्यानं कागदोपत्री मोडीत निघालाय, त्याच्या जागी पंधरावा आणि सोळावा आले. पण पाचवा अजून बहुतेक ठिकाणी चालतो आणि आपण सगळे तोच वापरतो.

तुम्हाला हवी असलेली पोच दहाव्या कॉलमात येते. तिथे १ म्हणजे अजून रांगेत, २ म्हणजे चालू आहे, ३ म्हणजे झालं, ४ म्हणजे फसलं. फसलं असेल तर कारण तेराव्यात. अकराव्यात सुरू झाल्याची वेळ, बाराव्यात संपल्याची. सेट पाठवल्यावर स्क्रिप्टनं थांबून दर दोन-तीन सेकंदांनी दहावा कॉलम विचारायचा आणि ३ किंवा ४ दिसल्याशिवाय लॉगमध्ये काहीही लिहायचं नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये हा भागच नसणार. बहुतेकांच्या नसतो, कारण नेटवर फिरणाऱ्या नमुना कमांडी सेटपाशीच संपतात.

किती वेळ विचारत राहायचं? साधा ॲक्सेस स्विच चार-पाच सेकंदांत मोकळा होतो. आठ स्विचांचा स्टॅक (जोडून एकच म्हणून चालवलेले स्विच) असेल तर रनिंग कॉन्फिग जुळवायलाच त्याला वेळ लागतो, सीपीयूही चढतो. मी तीन मिनिटांची मर्यादा ठेवतो. त्यात ३ किंवा ४ आलं नाही तर ‘माहीत नाही’ अशी तिसरीच नोंद करतो. ‘माहीत नाही’ला ‘फसलं’ म्हणून टाकू नका, दोघांचे इलाज वेगळे आहेत. पूर्ण झालेली ओळ निदान पाच मिनिटं टेबलात राहील असं वचन एमआयबी देते, त्यानंतर स्विच ती केव्हाही झाडून टाकू शकतो. म्हणजे सगळ्या दोनशे स्विचांना आधी सेट मारून मग निवांत निकाल गोळा करायला गेलात तर पहिल्या काही जणांच्या ओळी गायब झालेल्या असतील. दहा-दहाच्या तुकड्यांनी चाला. सर्व्हरही खूश राहतो.

आता याची उलटी बाजू, जी फार कमी लोकांच्या लक्षात येते: सेटला एरर आली म्हणजे कॉपी झाली नाही, असंही नाही.

एसएनएमपी यूडीपीवर चालतं, म्हणजे पॅकेट पोचेलच याची हमी नाही. नेट-एसएनएमपी या नेहमीच्या सॉफ्टवेअरची कमांड एक सेकंद वाट बघते आणि उत्तर नाही आलं तर तोच सेट पुन्हा पाठवते, असं पाच वेळा. समजा पहिला सेट पोचला, स्विचनं ओळ तयार केली, कॉपी सुरू झाली, पण उत्तराचं पॅकेट वाटेत हरवलं, किंवा स्विच कॉन्फिग जुळवण्यात गुंतल्यामुळे उशिरा निघालं. कमांड दुसरा सेट पाठवते. स्विच म्हणतो, या इंडेक्सची ओळ तर आहेच, पुन्हा कशी तयार करू? आणि ‘इनकन्सिस्टंट व्हॅल्यू’ परत देतो. स्क्रिप्ट लाल अक्षरात ‘फेल’ लिहिते आणि तिकडे फाईल व्यवस्थित पोचलेली असते. यावर उपाय दोन. इंडेक्स दर वेळी नवा, रँडम घ्यायचा. एक ते दोन अब्जांच्या पुढेपर्यंत जागा आहे, कंजूषपणा कशाला? पुष्कळ स्क्रिप्टमध्ये सगळीकडे १११ किंवा ३३६ असा एकच आकडा कोरलेला असतो आणि मग कालची न पुसलेली ओळ आज आडवी येते. दुसरा उपाय: एरर आली तरी एकदा दहावा कॉलम वाचून बघायचा, मगच निकाल द्यायचा. काम झालं की चौदाव्यात ६ लिहून ओळ पुसून टाकायची. शिवाय सगळे कॉलम एकाच सेटमध्ये पाठवा, एकेक करून सहा पॅकेट नकोत. सहातलं चौथं हरवलं तर ती ओळ अर्धवट लटकून राहते.

तेराव्या कॉलमातली कारणं एकूण नऊ, पण रोजच्या जगात तीनच भेटतात. २ म्हणजे फाईलचं नाव चुकीचं, ३ म्हणजे टाइमआउट, आणि कॉपी उलट दिशेनं, सर्व्हरवरून रनिंगमध्ये करत असाल तर ७, म्हणजे कॉन्फिगच्या काही ओळी लागू झाल्या नाहीत. या सातचं एक लक्षात असू द्या: सर्व्हरवरून रनिंगमध्ये टाकलेलं कॉन्फिग आधीच्या कॉन्फिगमध्ये मिसळतं, त्याची जागा घेत नाही. फाईलमध्ये नसलेल्या जुन्या ओळी तशाच राहतात. त्यामुळे दहाव्या कॉलमात ३ आलं तरी स्विच फाईलसारखा झाला असं धरू नका.

तुमच्या अकरा फायलींचं उत्तर मात्र मला टाइमआउटमध्ये दिसतंय. हे मी स्वतः एका रात्री चार तास भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका कारखान्यात नेमकं हेच होतं: काही स्विचांच्या फायली शून्य बाइटच्या, बाकी सगळं छान. सर्व्हरवर पॅकेट कॅप्चर लावलं. स्विचकडून सर्व्हरच्या ६९ पोर्टवर लिहिण्याची विनंती आली. सर्व्हरनं ‘लिही’ असं सांगणारी शून्य नंबरची पोच पाठवली. मग शांतता. काही सेकंदांनी सर्व्हरनं तीच पोच पुन्हा पाठवली. पुन्हा शांतता. मग स्विचकडून परत विनंती. म्हणजे सर्व्हर म्हणतोय स्विच बोलत नाही आणि स्विच म्हणतोय सर्व्हर बोलत नाही. दोघेही खरे. भांडण लावणारा तिसराच होता.

टीएफटीपीची खोड अशी की विनंती जाते ६९ पोर्टवर, पण सर्व्हर उत्तर देतो एका नव्याच, कुठल्याही पोर्टवरून, आणि पुढचं सगळं संभाषण त्या नव्या पोर्टवर चालतं. १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये तसंच लिहिलंय. मधल्या फायरवॉलनं स्विचकडून ६९ कडे जाणारं पॅकेट पाहिलं, ‘६९ कडून उत्तर येईल’ अशी नोंद केली. उत्तर आलं भलत्याच पोर्टवरून. कोण तू? टाकून दिलं. फायरवॉलला टीएफटीपी समजतं अशी सोय चालू असेल तरच ते आत सोडतं. लिनक्सवर बांधलेला फायरवॉल असेल तर नव्या कर्नलमध्ये हा हेल्पर आपोआप लागत नाही, हातानं नियम लिहून लावावा लागतो. आमच्याकडे फायरवॉलचं अपग्रेड झालं होतं आणि त्यात ही सोय बंद झाली होती. ज्या इमारतीचे स्विच त्या फायरवॉलमागे होते तेवढेच फसत होते.

आणि शून्य बाइट का? कारण सर्व्हर विनंती येताक्षणीच फाईल उघडतो, मजकूर नंतर येतो. मजकूर कधी आलाच नाही. याहून वाईट म्हणजे, फाईलचं नाव रोज तेच असेल तर उघडताना कालची फाईल आधी रिकामी होते. म्हणजे फसलेली ट्रान्सफर कालचा चांगला बॅकअपही सोबत घेऊन जाते. नावात तारीख घाला, आजच. त्यासाठी सर्व्हरला नवीन फायली तयार करायची परवानगी द्यावी लागेल. लिनक्सवरचा नेहमीचा टीएफटीपी सर्व्हर मुळात आधीपासून असलेल्या आणि सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फाईलवरच लिहू देतो, ‘क्रिएट’चा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही की तारखेचं नाव घातल्याबरोबर सगळेच स्विच फसायला लागतात आणि माणूस वैतागून जुन्या नावावर परत येतो.

टाइमआउटचं दुसरं नेहमीचं कारण: स्विचला अनेक आयपी असतील तर टीएफटीपीचं पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचा पत्ता घेऊन निघतं. सर्व्हरवर फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनला (स्विच सांभाळायला वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कला) परवानगी असेल तर ते दारातच अडतं. स्विचवर टीएफटीपीचा सोर्स इंटरफेस ठरवून द्या, एका ओळीचं काम आहे.

समजा दहाव्यात ३ आलं. आता तरी सुटलो का? जवळजवळ. स्विचच्या दृष्टीनं शेवटच्या तुकड्याची पोच मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. फाईल बरोबर फोल्डरमध्ये, बरोबर नावानं, डिस्कवर सुखरूप आहे का, हे स्विचला कसं कळणार? म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हरच्या बाजूचीही तपासणी असते आणि ती साधी आहे. फाईल कालच्या निम्म्याहून लहान तर नाही ना. आत होस्टनेमची ओळ आहे आणि ते नाव त्याच स्विचचं आहे ना. एकदा एकाच आयपीवर बदललेला स्विच महिनाभर दुसऱ्याच्या नावानं बॅकअप होत होता, तेव्हापासून हे बघतो. आणि शेवटची ओळ ‘एंड’ आहे ना. सिस्कोचं कॉन्फिग ‘एंड’नं संपतं, ती ओळ नसेल तर फाईल अर्धवट. मग कालच्या फाईलशी तुलना. तुलनेत वरच्या उद्गारचिन्हाच्या ओळी, ‘शेवटचा बदल अमुक वेळी अमक्यानं केला’ वगैरे, वगळा. नाहीतर रोज सगळ्यांत बदल दिसेल आणि आठवड्याभरात कोणी ते ईमेल उघडणार नाही.

आणि फाईल शंभर टक्के बरोबर असली तरी तिच्यात काही गोष्टी मुळातच नसतात. स्विच व्हीटीपीच्या (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी वाटणाऱ्या प्रोटोकॉलच्या) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाईलमध्ये असते. बदली स्विचवर कॉन्फिग चढवलं, पोर्टांवर व्हीलॅनचे नंबर दिसतायत, पण ते व्हीलॅन जन्मालाच आलेले नाहीत! ट्रान्सपरंट मोडमध्ये ही अडचण नाही. तसंच एसएनएमपीव्ही३ चे युजर रनिंग कॉन्फिगमध्ये दिसत नाहीत, आणि त्यांच्या किल्ल्या त्या त्या स्विचच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपीतल्या त्याच्या ओळखक्रमांकाशी) बांधलेल्या असतात. हार्डवेअर बदललं की इंजिन आयडी बदलतो. म्हणजे बदली स्विच सगळं करेल, फक्त तुमच्या मॉनिटरिंगला उत्तर देणार नाही. युजर हातानं पुन्हा तयार करावे लागतात, त्याची कमांड बॅकअपच्या फोल्डरमध्येच एका कागदावर ठेवा. पासवर्ड सोडून, अर्थात.

इथे तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नाकडे वळतो, कारण प्रत्यक्षात त्यानंच जास्त नुकसान होतं. तुम्ही रनिंगचा बॅकअप घेताय. वीज जाऊन आली की स्विच उठतो स्टार्टअपवर. दोन्ही एकच आहेत का, हे कोण बघतंय?

चाकणच्या एका प्लँटमध्ये रविवारी इलेक्ट्रिकलवाल्यांचं शटडाऊन होतं. सोमवारी सकाळी सातला शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन. “साहेब, लाइट आली, मशीन चालू झाली, पण डिस्पॅचच्या बारकोड गन एकही चालेना.” गेलो. स्विच ठणठणीत, पोर्ट हिरवे. बारकोड गनचा व्हीलॅन ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवरून) गायब. दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी तो घातला होता आणि सेव्ह करायचा विसरला होता. ‘कोणीतरी’ मीच होतो, हे लॉगमध्ये माझ्याच युजरनेमनं लिहिलेलं सापडलं. चहा पिऊन झाल्यावर ते मी सुपरवायझरलाही सांगितलं.

यासाठी दुसरी एमआयबी आहे, कॉन्फिग-मॅन, १.३.६.१.४.१.९.९.४३ खाली. तिच्यात तीन वेळांच्या नोंदी मिळतात: .१.१.१ म्हणजे रनिंग शेवटचं कधी बदललं, .१.१.२ म्हणजे रनिंग शेवटचं कधी सेव्ह झालं, .१.१.३ म्हणजे स्टार्टअप शेवटचं कधी बदललं. मोह होतो पहिल्या आणि दुसऱ्याची तुलना करायचा. करू नका. या एमआयबीच्या लेखी रनिंग कॉन्फिग कुठेही लिहिलं गेलं की ते सेव्ह, मग ते टर्मिनलच्या पडद्यावर का असेना. म्हणजे तुमचा रात्रीचा टीएफटीपी बॅकअपसुद्धा ‘सेव्ह’ धरला जातो आणि न साठवलेला बदल रोज रात्री झाकला जातो. तुलना पहिल्या आणि तिसऱ्याची करा. पहिलं मोठं असेल तर बदल स्टार्टअपमध्ये गेलेला नाही. कोणी कॉन्फिग मोडमध्ये जाऊन काहीच न करता बाहेर पडलं तरी पहिलं पुढे सरकतं, त्यामुळे थोडे खोटे इशारे येतील. मी रात्रभर फरक टिकला तरच इशारा देतो.

या वेळा घड्याळाच्या नाहीत बरं का. स्विच चालू झाल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेल्या आहेत, आणि तो मोजणीचा डबा ३२ बिटांचा आहे. ४९७ दिवस, २ तास, २७ मिनिटं झाली की भरतो आणि शून्यावर येतो. दीड-दोन वर्षं न थांबलेल्या स्विचवर ही तुलना उलटी पडू शकते: दुरुस्तीनंतर सेव्ह केलेलं असूनही ‘सेव्ह नाही’ असा ओरडा, किंवा त्याच्या उलट. कारखान्यात असे म्हातारे स्विच ढिगानं असतात. म्हणून मी नुसती मोठं-लहान अशी तुलना करत नाही. रोजचे आकडे साठवतो आणि कुठला आकडा कालपासून हलला ते बघतो. स्विच खरंच रीबूट झाला की मोजणी गुंडाळली गेली हे ओळखायला एसएनएमपी इंजिन टाइम वाचा. तो सेकंदांत मोजतो, ६८ वर्षं पुरतो.

आता चोरीचा प्रश्न. इथे मात्र आवाज जरा चढवतो.

तुम्ही ज्या दारानं बॅकअप काढता ते दार चोरालाही माहीत आहे. १६ एप्रिल २०१८ ला अमेरिका आणि ब्रिटनच्या सायबर सुरक्षा यंत्रणांनी रशियन सरकारच्या पाठबळावरच्या हल्लेखोरांबद्दल संयुक्त इशारा काढला, त्यात नेटवर्क उपकरणांना एसएनएमपीनं हुकूम देऊन त्यांचं कॉन्फिग टीएफटीपीवर ओढण्याची पद्धत वर्णन केलेली आहे. एप्रिल २०२३ मध्ये एपीटी२८ या गटाबद्दल पुन्हा तसाच इशारा आला: सिस्को राउटर, सोप्या कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचे पासवर्डसारखे शब्द), आणि माहिती बाहेर नेणं टीएफटीपीवरून. कॉन्फिग हातात पडलं की त्यात कम्युनिटी स्ट्रिंग उघड्या अक्षरांत असतात, आणि सिस्कोच्या कच्च्या ‘टाइप ७’ पद्धतीनं झाकलेले पासवर्ड उलगडायला क्षणही लागत नाही.

‘आमच्या राइट कम्युनिटीवर ॲक्सेस लिस्ट आहे, फक्त बॅकअप सर्व्हरलाच परवानगी’ असं म्हणाल. छान, पण पुरेसं नाही. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. सेटचं उत्तर चोराला नकोच आहे. त्याला फाईल हवी, आणि फाईल कुठे पाठवायची तो पत्ता त्यानं पाचव्या कॉलमात भरलेला आहे. तुमच्या सर्व्हरच्या नावानं एक आंधळं पॅकेट, आणि स्विच इमानेइतबारे कॉन्फिग तिसऱ्याच ठिकाणी नेऊन देतो. म्हणून फाईल कुठल्या सर्व्हरशी देवाणघेवाण होऊ शकते हेच बांधून टाकायला हवं. सिस्कोच्या जुन्या आयओएस सॉफ्टवेअरमध्ये त्याला एसएनएमपी-सर्व्हर टीएफटीपी-सर्व्हर-लिस्ट ही कमांड होती, नंतर तिची जागा एसएनएमपी-सर्व्हर फाईल-ट्रान्सफर ॲक्सेस-ग्रुपनं घेतली. ही ओळ मी फार कमी कॉन्फिगमध्ये पाहिलीय.

नजर ठेवायची ती कशावर? कॉपी पूर्ण झाल्यावर येणारा ट्रॅप (स्विचनं आपणहून पाठवलेला निरोप) आहे, ९६ खाली .२.१.१, आणि स्विचवर कॉन्फिग-कॉपीचे ट्रॅप चालू केले की मिळतो. पण तो फक्त मागणी करणाऱ्यानं नवव्या कॉलमात १ लिहिलं तरच निघतो, आणि न सांगता त्याची किंमत ‘नाही’ अशीच असते. तुमच्या स्वतःच्या बॅकअपसाठी तो जरूर मागा, पोलिंगचा, म्हणजे पुन्हापुन्हा विचारायचा, त्रास कमी होईल. चोर मात्र तो मागणार नाही! त्याच्यासाठी कॉन्फिग-मॅनचा ट्रॅप ठेवा, ४३ खाली .२.०.१. त्यात तीन आकडे येतात: हुकूम कुठून आला, मजकूर कुठून घेतला, कुठे नेला. पहिला १ म्हणजे कमांड लाइन, २ म्हणजे एसएनएमपी. दुसऱ्या-तिसऱ्यात ३ म्हणजे रनिंग, ४ म्हणजे स्टार्टअप, ६ म्हणजे टीएफटीपी. रात्री दोनला २, ३, ६ दिसलं तर तो तुमचा बॅकअप. दुपारी साडेतीनला तेच दिसलं तर उठा. ६, ३ असा क्रम, म्हणजे बाहेरून रनिंगमध्ये काही आत आलं, तर जेवण सोडून उठा. त्या घटनेची पूर्ण ओळ स्विचच्या इतिहासाच्या टेबलात असते, सर्व्हरचा पत्ता आणि फाईलच्या नावासकट. ट्रॅप आला की स्क्रिप्टनं लगेच ती वाचून ठेवावी, कारण ते टेबल लहान असतं आणि जुन्या नोंदी पडून जातात.

ट्रॅपही यूडीपीच, हरवला तर हरवला. जमेल तिथे ट्रॅपऐवजी इन्फॉर्म लावा, त्याला पोच असते आणि ती न आल्यास स्विच पुन्हा पाठवतो. नेट-एसएनएमपीचा ट्रॅप घेणारा डिमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) ५.३ आवृत्तीपासून परवानगी लिहून दिल्याशिवाय येणारे ट्रॅप गिळून टाकतो. ‘ट्रॅपच येत नाहीत’ या तक्रारींपैकी निम्म्या तिथेच संपतात. आणि फायरवॉलवर एक नियम: मॅनेजमेंट व्हीलॅनमधून बॅकअप सर्व्हर सोडून दुसरीकडे ६९ पोर्टवर काहीही निघालं की नोंद आणि इशारा. ट्रॅपपेक्षा यावर माझा भरवसा जास्त, कारण तो स्विचच्या मर्जीवर अवलंबून नाही.

दुसऱ्या कंपन्यांचं थोडक्यात. सिस्कोच्याच छोट्या ऑफिससाठीच्या स्विचांत ९६ चं झाड नसतं, तिथे वेगळंच कॉपी टेबल आहे, तेव्हा स्क्रिप्ट जशीच्या तशी चालणार नाही. ज्युनिपर तर स्वतःच दर कमिटला (बदल पक्का केला की) कॉन्फिग बाहेर पाठवू शकतो आणि बदलाचा ट्रॅप देतो. त्याला एसएनएमपीनं ढोसायची गरज नाही.

आज कोऱ्या पाटीवर सुरुवात केली तर मी हे असं बांधणार नाही. कॉन्फिग एसएसएचवरून (एन्क्रिप्ट केलेल्या लॉगिननं) ओढेन, ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं, आणि एसएनएमपीला फक्त वाचायचा अधिकार ठेवेन: पाळत त्याची, वाहतूक दुसऱ्याची. पण दोनशे स्विचांपैकी निम्म्यांवर एसएसएच चालणारी इमेजच नसेल, किंवा वरून परवानगी मिळायला दिवाळी उजाडणार असेल, तर आहे ते नीट करणंच हातात आहे. निदान एसएनएमपीच्या व्ही३ आवृत्तीवर या, प्रमाणीकरण आणि एन्क्रिप्शन दोन्हीसकट. जुन्या व्ही२सी आवृत्तीवर एससीपी वापरलात तर आठव्या कॉलमातला पासवर्ड उघडाच तारेवरून जातो, म्हणजे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली.

आज संध्याकाळी पहिलं काम एवढंच करा. त्या अकरा स्विचांचे आयपी एकाखाली एक लिहा आणि ते कुठल्या फायरवॉलमागे आहेत ते बघा. मग त्यातल्या एकाला रँडम इंडेक्सनं सेट मारा, सर्व्हरवर कॅप्चर चालू ठेवून. शून्य नंबरची पोच तीनदा बाहेर जाताना दिसली की स्विचला हात न लावता फायरवॉलवाल्याला फोन करा.